बारीतले क्रूदो: कच्च्या समुद्री अन्नाचे ताट आणि त्याचे नाव

इटलीच्या आग्नेयेकडील पुल्या प्रांताची राजधानी असलेल्या बारी शहरात ‘क्रूदो’ मागवले, तर काय आणायचे याविषयी वाढप्याला प्रश्न पडत नाही. क्रूदो म्हणजे कच्चे. उत्तरेकडे पार्मा किंवा बोलोन्यात हाच शब्द उच्चारला, तर मिठात मुरवून महिनोन् महिने वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे पातळ काप पुढे येतात, कारण तिकडे ‘प्रोश्युत्तो क्रूदो’चे ते रोजच्या बोलण्यातले नाव आहे. बारीत मात्र क्रूदो म्हणजे समुद्रातून आलेले आणि विस्तवाचा स्पर्श न झालेले अन्न: कोळंबी, शिंपले, माकूल, कोवळा ऑक्टोपस, माशांचे काप. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणातही तेथील अनेक कुटुंबे या कच्च्या ताटाला मानाचे स्थान देतात.

ज्या रेस्टॉरंटविषयी मी लिहीत आहे, ते बारीच्या जुन्या शहरात, बंदराच्या अगदी जवळ आहे. टेबले मोजकी आहेत आणि दिवसाची मासळी दाराशीच काचेच्या पेटीत मांडलेली असते. त्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे त्याच्या काही उणिवाही सांगायच्या आहेत, आणि ज्या कसोट्या मी त्याला लावल्या त्या पुल्याच्या किनाऱ्यावरील अशा कोणत्याही ठिकाणी वाचकाला स्वतः लावून पाहता येतील. माझे मत प्रथमच सांगतो. तेथील कोळंबी आणि सेप्पिया (माकुळाच्या कुळातला समुद्री प्राणी) इतकी उत्तम होती की केवळ त्यांच्यासाठी बारीला जाण्याचा सल्ला मी देईन. परंतु त्याच ताटातले दोन पदार्थ असे होते की ज्यांना क्रूदो म्हणावे की नाही, असा प्रश्न पडला. जेथे शिजवणे नाही, तेथे स्वयंपाक्याच्या हाती फक्त मासळीची निवड, सुरी, मीठ आणि तेल एवढेच उरते. या चारांपैकी एकातही कसूर झाली, तर ती झाकायला दुसरे काही नसते, आणि झाकण्याचा प्रयत्न केला तर ती अधिकच उठून दिसते.

हे ताट नीट समजून घ्यायचे असेल, तर रेस्टॉरंटमध्ये जाण्यापूर्वी सकाळी ‘मोलो सान निकोला’ या धक्क्यावर एक फेरी मारावी. समुद्रात खांब रोवून त्यांवर बांधलेले आणि १९१४ साली खुले झालेले मार्गेरिता नाट्यगृह याच धक्क्याशेजारी उभे आहे. स्थानिक लोक या जागेला आपल्या बोलीत ‘न्देर्रे आ ला लान्त्से’, म्हणजे ‘होड्यांपाशी, जमिनीवर’, असे म्हणतात. मासेमार आपली मासळी येथे विकायला मांडतात, आणि हातात पेरोनी बिअरची बाटली घेऊन तिथल्या तिथे शिंपले उघडून खाणारे लोकही येथे भेटतात. (पेरोनीचा एक मोठा कारखाना बारीतच आहे आणि शहराला त्याचा अभिमान वाटतो.) सर्वांत पाहण्यासारखे असते ते ऑक्टोपस तयार करण्याचे काम. ताजा ऑक्टोपस दगडावर वारंवार आपटला जातो, मग समुद्राच्या पाण्यात चोळून धुतला जातो आणि शेवटी टोपलीत किंवा पाटीत घालून बराच वेळ हलवला, घोळवला जातो. आपटल्याने त्याच्या मांसाचे चिवट धागे तुटतात आणि घोळवल्याने भुजांची टोके आक्रसून कुरळी होतात. असा ‘कुरळा’ ऑक्टोपस कच्चा चावताना कुरकुरीत लागतो, रबरासारखा ताणला जात नाही. जे काम इतरत्र उष्णता करते, ते येथे मनगट करते. म्हणून क्रूदोला ‘काही न करता वाढलेला पदार्थ’ समजणे हा त्या मनगटावर अन्याय आहे.

रेस्टॉरंटच्या मेन्यूवर या एका कल्पनेची अनेक नावे असतात आणि त्यांतला फरक माहीत नसेल तर मागवताना घोटाळा होतो. ‘क्रूदो दि मारे’ किंवा ‘क्रूदो मिस्तो’ म्हणजे कच्च्या समुद्री जिनसांचे मिश्र ताट. ‘तार्तारा’ म्हणजे सुरीने बारीक तुकडे केलेला कच्चा मासा, बहुधा कुप्याच्या जातीचा, म्हणजे ट्यूना. ‘कार्पाच्चो’ हे नाव मात्र व्हेनिसहून आलेले आहे आणि मुळात त्याचा माशाशी काही संबंध नव्हता. व्हेनिसमध्ये १९३१ साली हॅरीज बार सुरू करणारे जुझेप्पे चिप्रियानी यांनी, त्या घराण्याच्या सांगण्यानुसार, १९५० मध्ये शिजवलेले मांस वर्ज्य असलेल्या आमालिया नानी मोचेनिगो या सरदारघराण्यातील स्त्रीसाठी कच्च्या गोमांसाचे अतिशय पातळ काप करून त्यांवर पांढऱ्या सॉसच्या रेघा ओढल्या, आणि त्या लाल-पांढऱ्या रंगांवरून व्हेनिसच्याच व्हित्तोरे कार्पाच्चो या चित्रकाराचे नाव त्या पदार्थाला दिले. पुढे हे नाव मांसाला सोडून कापण्याच्या रीतीला चिकटले आणि पातळ कापलेली कोणतीही वस्तू कार्पाच्चो म्हणवून घेऊ लागली. याचा व्यवहारातला परिणाम असा की ‘कार्पाच्चो दि पोल्पो’ हा ऑक्टोपसचा पदार्थ मुळीच कच्चा नसतो. ऑक्टोपस उकडून, घट्ट दाबून, थंड करून मग त्याचे चकत्यांसारखे काप काढलेले असतात. ज्यांना कच्चे चालत नाही त्यांनी तो निर्धास्तपणे मागवावा, आणि ज्यांना बारीचा कुरळा कच्चा ऑक्टोपस हवा आहे त्यांनी त्या नावाला भुलू नये. ‘अलिची मारिनाते’ म्हणजे व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात मुरवलेले छोटे अँकोव्ही मासे. तेही विस्तवावर चढत नाहीत, पण आम्लामुळे त्यांचे मांस पांढरे आणि घट्ट होते, म्हणून त्यांना क्रूदोच्या रांगेत बसवणे मला पटत नाही. या रेस्टॉरंटने ते वेगळ्या मथळ्याखाली छापले होते, आणि अशी काळजी घेणारा मेन्यू पाहिला की स्वयंपाकघरावरचा विश्वास वाढतो.

मिश्र ताट एकदम न आणता दोन टप्प्यांत आणले गेले. आधी शिंपले आणि सेप्पिया, नंतर कोळंबी आणि मासे. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला होता, कारण शिंपल्यांची खारट, किंचित लोखंडी चव आधी घेतली तर कोळंबीचा गोडवा नंतर पुरेपूर कळतो, उलट क्रमाने तो हरवतो.

सेप्पिया म्हणजे कोकणात ज्याला माकूल किंवा म्हाकूळ म्हणतात त्याच्याच कुळातला प्राणी. त्याचे कच्चे मांस लांब, अरुंद फितींसारखे कापून ‘ताल्यातेल्ले दि सेप्पिया’ या नावाने वाढतात. नाव पास्त्याचे असले तरी त्यात पीठ नावालाही नसते. येथे सुरीची खरी परीक्षा होते. फित जाड राहिली तर ती दातांना चिकटते आणि चव सुटण्याआधीच चावून चावून कंटाळा येतो. फार बारीक झाली तर तिचा लगदा होतो. माझ्या ताटातल्या फिती अर्धपारदर्शक, ओलसर आणि एकसारख्या रुंदीच्या होत्या. त्यांवर तेलाची एक धार आणि मिठाचे काही कण सोडून काही नव्हते. प्रथम जिभेला मऊपणा जाणवतो, मग दातांखाली हलकासा प्रतिकार, आणि त्यानंतर दुधासारखी सौम्य गोडी हळूहळू तोंडभर पसरते. सोबत ‘अल्येव्ही’ म्हणजे अगदी कोवळ्या, आख्ख्या सेप्पियाही होत्या. त्या अधिक कुरकुरीत आणि अधिक खारट होत्या. कोकणातल्या माणसाने माकूल बहुधा मसाल्यात परतलेले किंवा तळलेले खाल्लेले असते, त्यामुळे या प्राण्याच्या मूळ चवीशी त्याची ओळख येथे नव्याने होते.

कोळंबी दोन प्रकारची होती. एक सिसिलीच्या मात्सारा देल व्हाल्लो बंदरामुळे प्रसिद्ध झालेली लाल कोळंबी, आणि दुसरी पुल्याच्याच दक्षिण टोकाजवळील गाल्लीपोलीची जांभळट कोळंबी. दोन्ही शेकडो मीटर खोल, थंड पाण्यातून जाळ्यात येतात. कवच धडावरून सोलून डोके मात्र ठेवलेले असते, कारण खाण्याची रीतच अशी आहे की आधी धड खावे आणि मग डोके चोखावे. कोळंबीच्या मांसात ग्लायसिन हे गोड चवीचे अमिनो आम्ल मुबलक असते. शिजवल्यावर त्या गोडीबरोबर इतर अनेक वास आणि चवी उमटतात, कच्च्या मांसात मात्र गोडी एकटीच पुढे येते. लाल कोळंबीचे मांस लोण्याइतके मऊ होते आणि डोक्यातला रस दाट, खारट, जवळपास मांसाहारी रश्शाच्या अर्कासारखा. जांभळी त्याहून नाजूक होती. या दोन्हींवर लिंबू पिळलेले नव्हते. फोडी बाजूला ठेवल्या होत्या आणि वाढप्याने आधी लिंबाशिवाय खाऊन पाहण्याची विनंती केली. अस्सल हापूस कापून पुढे ठेवल्यावर कोणी त्यावर साखर पेरत नाही, तसेच हे आहे. कोळंबीची डोकी काळी पडू नयेत म्हणून मासेमारीच्या धंद्यात सल्फाइटचा वापर होतो आणि त्याचे प्रमाण जास्त झाले तर घशाशी एक तिखट, रासायनिक चव रेंगाळते. येथे ती मुळीच नव्हती. ज्यांना सल्फाइट सोसत नाही त्यांनी हे विचारून घ्यावे. युरोपात ठरावीक प्रमाणापुढे त्याची माहिती देणे बंधनकारक आहे.

आता उणिवा. रिच्चोला या मोठ्या, मांसल समुद्री माशाचे काप अत्यंत थंड बशीवर मांडून आणले होते. पुल्यात कोरातिना जातीच्या ऑलिव्हपासून काढलेले कडवट, तिखट, हिरव्या वासाचे तेल वापरतात आणि ते बारीचे वैभवच आहे, पण फार थंडीत ऑलिव्ह तेल गढूळ होऊन गोठू लागते आणि त्याचा वास दबतो. त्या बशीवरचे तेल मेणासारखे बसले होते. माशाच्या कापाला तेल वेढून राहिले पाहिजे, त्याच्या अंगावर थर धरून नव्हे. शिवाय मीठ बरेच आधी घातले गेले असावे, कारण कापांखाली पाणी सुटले होते. मीठ माशातले पाणी बाहेर ओढते, म्हणूनच ते ताट टेबलाकडे निघताना घालायचे असते. मासा चांगला होता, काप तंतूंना आडवे आणि योग्य जाडीचे होते. केवळ शेवटच्या काही मिनिटांतल्या निष्काळजीपणामुळे त्याची चव अर्ध्यावर राहिली. अशा वेळी बशी थोडी वेळ तशीच राहू द्यावी, काप अंमळ कोमट हवेत आले की तेल सैल होते आणि चव परत येते, हे मी करून पाहिले आणि त्याचा उपयोग झाला.

ट्यूनाच्या तार्तारात मात्र अशी दुरुस्ती शक्य नव्हती. त्यात आंब्याच्या फोडी, पिस्त्याचा चुरा आणि वर बाल्सामिक व्हिनेगरच्या गोड, घट्ट सॉसचे थेंब होते. बशीतला प्रत्येक पदार्थ चांगल्या दर्जाचा असूनही मासा कोणता आहे, हे डोळे मिटून सांगता आले नसते. अशी सजावट आता इटलीतही सर्रास दिसते. तिच्या मागे एक इतिहास आहे, तो असा की २००० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एस्का या रेस्टॉरंटमधून शेफ डेव्हिड पास्टरनॅक यांनी क्रूदो हे नाव इंग्रजी बोलणाऱ्या जगात लोकप्रिय केले आणि त्यानंतर ते नाव जगभरच्या मेन्यूंवर पोहोचले. प्रत्येक शहराने त्यात आपली फळे, मिरच्या आणि सॉस घातले. मुंबई आणि गोव्यातल्या इटालियन वळणाच्या रेस्टॉरंटांत जे क्रूदो मिळते तेही बहुधा याच शाखेचे असते. त्या प्रयोगांना माझा विरोध नाही. कोकमाच्या आगळाचे दोन थेंब माशावर छान लागतील याची मला खात्री आहे, फक्त आगळ आंबट आणि खारट दोन्ही असल्यामुळे ते खाण्याच्या क्षणीच घालावे लागेल, नाहीतर माशाचा पृष्ठभाग पांढरा पडून तो पेरूच्या सेव्हिचेच्या दिशेने जाईल, जेथे लिंबाच्या रसात मासा मुरवणे हाच पदार्थाचा गाभा आहे. पण बारीत, धक्क्याच्या इतक्या जवळ, माशाला आंब्याची सोबत लागावी हे मला खटकले.

समुद्रातील काटेरी, गोल सी-अर्चिन ताटात नव्हते आणि त्याचे कारण वाढप्याने न विचारता सांगितले. त्यांची संख्या घटल्यामुळे पुल्या प्रांताने २०२३ मध्ये आपल्या समुद्रातून ते काढण्यावर तीन वर्षांची बंदी घातली आणि मी गेलो तेव्हा ती लागू होती. दुसरीकडून आणलेला माल वाढण्यापेक्षा तो पदार्थच मेन्यूतून काढून टाकण्याचा या रेस्टॉरंटचा निर्णय मला फार आवडला.

कच्च्या समुद्री अन्नाचे परीक्षण सुरक्षिततेविषयी बोलल्याशिवाय पूर्ण होऊच शकत नाही, कारण याच किनाऱ्याने त्याची किंमत मोजलेली आहे. १९७३ च्या कॉलऱ्याच्या साथीत नेपल्सबरोबर बारीलाही झळ बसली आणि संशयाची सुई शिंपल्यांकडे वळली. १९९६-९७ मध्ये पुल्यात हेपॅटायटिस ‘ए’ची मोठी साथ आली, तिचा संबंधही कच्च्या शिंपल्यांशी जोडला गेला. आज नियम कडक आहेत. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे कच्चा वाढायचा मासा किंवा सेप्पिया-ऑक्टोपससारखा प्राणी उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास, किंवा उणे ३५ अंशांना किमान १५ तास गोठवावा लागतो, म्हणजे अनिसाकिस नावाच्या परजीवी कृमीच्या अळ्या मरतात. इटालियन मेन्यूवर नावापुढे फुली किंवा तारा असतो आणि खाली ‘आब्बात्तुतो’ असा शब्द येतो, तो याच झटपट गोठवण्याविषयी असतो. त्याकडे शिळेपणाची खूण म्हणून पाहू नये. ज्या मेन्यूवर कच्चा मासा आहे पण ही टीप कोठेच नाही, त्याविषयी उलट अधिक चौकशी करावी. शिंपल्यांची गोष्ट वेगळी आहे. गोठवण्याने जिवाणू आणि विषाणूंचा नायनाट होत नाही, त्यामुळे त्यांची सुरक्षितता ते कोणत्या पाण्यातून आले आणि त्यांचे शुद्धीकरण झाले की नाही यांवर अवलंबून असते. मी विचारल्यावर वाढप्याने शिंपल्यांच्या जाळीच्या पिशवीवरचे लेबल आणून दाखवले, त्यावर मूळ ठिकाण आणि आवेष्टनाची तारीख होती. त्याने ज्या सहजतेने ते आणले त्यावरून हा प्रश्न तेथे नवा नसावा असे दिसले. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, यकृताचे आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी मात्र लेबल कितीही चांगले असले तरी कच्चे शिंपले टाळावेत.

कोकणात वाढलेल्या खवय्याला येथे एक फायदा आहे. कल्ले लालभडक आहेत का, डोळे वर आलेले आणि चकचकीत आहेत का, बोटाने दाबल्यावर मांस परत उसळते का, हे पाहण्याची त्याची सवय काचेच्या पेटीपुढे तंतोतंत उपयोगी पडते. मात्र तीच नजर घेऊन घरच्या बाजारातल्या सुरमईचे किंवा जिताड्याचे क्रूदो करायला कोणी जाऊ नये. इटलीत मासळी विक्रेत्यांना २०१३ पासून अशी सूचना लावावी लागते की घरी कच्चा खायचा मासा घरगुती फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना किमान ९६ तास ठेवावा. ती सूचना कृमींपुरती आहे आणि जाळ्यापासून दुकानापर्यंतची शीतसाखळी सुरळीत असल्याचे गृहीत धरूनच दिलेली आहे. आपल्या उष्ण किनाऱ्यावर, उघड्या पाटीत काही तास काढलेल्या माशाला ती वाचवू शकत नाही.

दोन माणसांसाठीच्या मिश्र ताटाचे ७० युरो पडले, पाव आणि टेबलाचा ‘कोपेर्तो’ हा आकार वेगळा. लाल कोळंबीचा भाव पाहता हे महाग नाही, पण ज्यांना पोट भरायचे आहे त्यांनी नंतर शिजवलेला एक पदार्थ मागवावाच. पाव भरपूर मागावा, कारण सेप्पियाच्या बशीत उरलेले तेल टाकून देण्यासारखे नसते. पुन्हा गेलो तर मी मिश्र ताट न घेता फक्त ताल्यातेल्ले दि सेप्पिया, अल्येव्ही आणि दोन्ही प्रकारची कोळंबी वेगवेगळी मागवीन, आणि रिच्चोला हवाच असेल तर तो साध्या, न गारठवलेल्या बशीत वाढण्याची विनंती आधीच करीन. आठवड्याच्या अखेरीस बरेच मासेमार समुद्रात जात नाहीत, म्हणून मंगळवार ते शनिवार दुपारच्या वेळी जाणे चांगले. संध्याकाळी जायचे असेल तर जागा आधी राखून ठेवावी.